आरसीवर एक नंबर, ब्लॉकवर दुसरा: जुन्या गाडीत बसवलेलं इंजिन मूळचं कुठलं, हे कसं शोधायचं

पद्मिनी, ॲम्बॅसडर, हेराल्ड किंवा जीप मुंबईत चाळीस-साठ वर्षं चालली असेल, तर तिचं इंजिन एकदा तरी खाली उतरलेलं असतंच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इंजिन पाणी ओढतं, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. मग बोरिंग (सिलिंडर कापून मोठं करणं) आणि क्रँकच्या खर्चापेक्षा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दुसरं इंजिन आणून टाकणं परवडतं. पुढे मालक बदलतो, मिस्त्री बदलतो, आणि ते इंजिन कुठून आलं हे सांगणारं कोणी उरत नाही. त्याचा त्रास शेवटच्या मालकाला होतो. पार्ट लागत नाहीत आणि कागद अडतात.

लक्षणं

खालीलपैकी दोन गोष्टी जरी तुमच्या गाडीत दिसल्या तरी पुढची तपासणी करा.

- आरसीवरच्या मॉडेलचं हेड गॅस्केट आणलं, पण पाण्याची भोकं जुळत नाहीत.
- त्याच मॉडेलचे पिस्टन-रिंग बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) ढिले पडतात किंवा आत जातच नाहीत.
- नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली आणि निरीक्षकाने इंजिन नंबर जुळत नाही म्हणून परत पाठवली. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावं लागतं, त्यामुळे बहुतेकांना हा घोळ इथेच पहिल्यांदा कळतो.
- नंबर असायला हवा ती जागा कोरी आहे, किंवा आजूबाजूच्या काळ्या ब्लॉकच्या मानाने फारच चकचकीत आहे.
- इंजिन फाउंडेशनखाली (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्याखाली) वॉशरची चळत किंवा वेल्डिंग केलेली पट्टी आहे, किंवा फॅन रेडिएटरला जवळजवळ टेकतो.

गाडी ओढत नाही, गरम होते, पेट्रोल जास्त पिते, यावरून इंजिन बदललेलं आहे असं ठरवू नका. थकलेलं मूळ इंजिनही असंच वागतं.

आधी तीन प्रश्न वेगळे करा

‘इंजिन कुठलं?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात. ते एकत्र केले की तपास भरकटतो. पहिला प्रश्न: इंजिन कुठल्या घराण्याचं, म्हणजे मूळ रचना कुठली? दुसरा: कुठल्या काळातलं? तिसरा: नेमकं कुठल्या गाडीतून निघालेलं? पहिल्याचं उत्तर घरच्या घरी मिळतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा मिळतं. तिसऱ्याचं उत्तर फक्त पंच केलेला नंबर आणि कागद देतात. नुसतं इंजिन बघून ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट पक्की धरा. इंजिन म्हणजे ब्लॉक. हेड, कार्ब्युरेटर, डिलको (डिस्ट्रिब्युटर), सेल्फ (स्टार्टर), डायनॅमो, टॅपेट कव्हर हे सगळं तासाभरात किंवा दिवसभरात बदलता येतं. टॅपेट कव्हरवर कंपनीचं नाव आहे म्हणून इंजिन त्या कंपनीचं ठरत नाही. एका ब्लॉकवर दोन वेगवेगळ्या गाड्यांचे भाग बसलेले असणं ही मुंबईत अगदी नेहमीची गोष्ट आहे.

पहिली तपासणी: कागद. खर्च नाही, अर्धा तास.

सुरुवात बॉनेट उघडून करू नका. कपाटातून कागद काढा. स्मार्ट कार्डावर आज काय आहे एवढंच दिसतं. जुन्या आरसी पुस्तकात मागच्या पानांवर बदलांच्या नोंदी आणि शिक्के असतात. इंजिन रीतसर बदललं असेल तर नवा नंबर, तारीख आणि अधिकाऱ्याची सही तिथे सापडते, आणि प्रश्न तिथेच मिटतो. जुने विम्याचे कागद वर्षानुसार लावा. एखाद्या वर्षी इंजिन नंबर बदललेला दिसला, तर इंजिन त्याच्या आसपास बदललं असणार. त्या काळातलं गॅरेजचं बिल कुठे आहे का, हे मग शोधता येतं.

पुस्तक हरवलं असेल तर गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथून आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे नोंदींचा उतारा, काढा. मग तो ताडदेव असो, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली.

हे सगळ्यात आधी करायचं कारण असं, की न जुळणारे कितीतरी नंबर मुळात लिहिण्याच्या चुकीमुळे जुळत नसतात. हाताने लिहिलेल्या पुस्तकातून संगणकात नोंद होताना इंग्रजी ओचा शून्य होतो, आयचा एक, एसचा पाच, बीचा आठ. सुरुवातीची अक्षरं गळतात. शेवटचे चार-पाच आकडे जसेच्या तसे जुळत असतील आणि फरक फक्त पुढच्या अक्षरांत असेल, तर बहुधा इंजिन बदललेलं नाही, नोंद चुकलेली आहे. त्याचा इलाज नोंद दुरुस्तीचा अर्ज, इंजिन खोलणं नव्हे.

सीसी आणि इंधनाचा रकाना बघा, पण त्यावर विसंबू नका. ॲम्बॅसडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसी आणि जुनं डिझेल इंजिनही १४८९ सीसीच. दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजची. नुसत्या सीसीवरून पेट्रोलच्या जागी डिझेल आलं का, हे कळणार नाही.

दुसरी तपासणी: ब्लॉकवरचा नंबर वाचणं. खर्च शंभर-दीडशे रुपये.

इथे घाई केली तर पुरावा कायमचा जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

साहित्य: अर्धा लिटर डिझेल किंवा रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश, पितळी तारांचा ब्रश, फडकं, पांढरा खडू, टॉर्च, छोटा आरसा, स्टीलची पट्टी आणि मोबाइल. पॉलिश पेपर, लोखंडी तारेचा ब्रश, ग्राइंडरला लावायची तारेची चकती आणि कुठलंही ॲसिड या जागेपासून लांब ठेवा. नंबर पंच होतो तेव्हा आकड्याच्या खालचा धातूही दाबला जातो. वरचा आकडा घासून काढला तरी तो दाबलेला थर खाली शिल्लक राहतो आणि प्रयोगशाळेत त्यावरून मूळ नंबर परत उठवता येतो. तुम्ही ‘साफ’ करायला म्हणून घासलं, तर तोच थर जातो.

हात लावायच्या आधी फोटो काढा. मग डिझेल लावून मळी भिजू द्या. समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत मळीखाली गंजाचा पापुद्रा असतो; तिथे मुरणारं तेल मारून एक रात्र थांबा. आधी मऊ ब्रश, मग पितळी. जागा कोरडी झाली की खडू आडवा धरून हलकेच फिरवा. खडू खोल आकड्यांत बसतो आणि नंबर पांढरा उठून दिसतो. टॉर्च समोरून मारू नका, एका बाजूने नंबराच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. हात पोहोचत नसेल तिथे आरसा लावून आरशाचा फोटो काढा आणि नंतर तो मोबाइलवर डावा-उजवा पालटून वाचा.

आता जे दिसतं ते तीनपैकी काय आहे, हे ठरवा.

उठावाची अक्षरं आणि आकडे म्हणजे कास्टिंग नंबर. साच्यातून ब्लॉक ओतला तेव्हाच ते आले. हजारो ब्लॉकवर तोच नंबर असतो. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो: मालक या नंबराचा फोटो काढतो, आरसीशी जुळवतो आणि इंजिन चोरीचं निघालं म्हणून धसका घेतो. कास्टिंग नंबर घराणं सांगतो, गाडी सांगत नाही.

खोलगट, ठोकलेले आकडे म्हणजे पंच केलेला नंबर. तो सपाट मशिनिंग केलेल्या जागेवर असतो. हाच आरसीवर असायला हवा.

रिव्हेटने ठोकलेली पत्र्याची पट्टी हा तिसरा प्रकार. बी-सिरीजच्या ब्रिटिश गाड्यांत, म्हणजे एमजी कंपनीच्या एमजीए आणि एमजीबीमध्ये, इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला अशा पट्टीवर असतो. पट्टी म्हटली की ती निघते, हरवते आणि दुसऱ्या ब्लॉकवरही लागते. म्हणून रिव्हेट बघा. मूळ रिव्हेटवर ब्लॉकइतकाच जुना रंग आणि मळी असते. त्या जागी पॉप रिव्हेट किंवा स्क्रू दिसला, तर ती पट्टी काय म्हणते याला पुरावा मानू नका.

या घराण्यात पट्टीवरच्या सुरुवातीच्या अक्षरांतून बरंच कळतं. पुढचा १५ म्हणजे १४८९ सीसी, १८ म्हणजे १७९८ सीसी. जी म्हणजे एमजी. एमजीए १५०० ला १५ जीबी, एमजीए १६०० ला १६ जीए, सुरुवातीच्या एमजीबीला १८ जी. १९६४ च्या अखेरीपासून आलेल्या १८ जीबीमध्ये क्रँकला आधार देणारी मेन बेअरिंग तीनऐवजी पाच आहेत. नंबर ४८ जीने सुरू होत असेल तर ते बीएमसीने स्वतः नव्याने बांधून बदली म्हणून दिलेलं ‘गोल्ड सील’ इंजिन. ते सोनेरी रंगाचं असायचं आणि टॅपेट कव्हरखालच्या खाचाखोचांत तो रंग आजही सापडतो. अशा इंजिनाचा नंबर गाडीच्या मूळ नंबराशी जुळणारच नाही, आणि त्यात काही काळंबेरं नाही.

जुन्या युद्धकालीन जीपमध्ये नंबराआधी एमबी असेल तर विलीजचं इंजिन, जीपीडब्ल्यू असेल तर फोर्डचं. दोन्ही इंजिनं एकमेकांच्या जागी जशीच्या तशी बसतात, म्हणून फोर्डच्या चेसिसवर विलीजचं इंजिन वारंवार दिसतं.

पंच केलेला नंबर खरा की नंतर मारलेला, हे बघायला भिंग घ्या, निदान मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करा. मूळ जागेवर मशिनिंगच्या बारीक समांतर रेषा असतात. त्या आकड्याच्या कडेपर्यंत येतात, आकड्यात तुटतात आणि पलीकडे त्याच पातळीवर पुढे जातात. आकड्याच्या काठाशी धातू किंचित वर आलेला असतो. घासलेल्या जागेवर त्या रेषा नसतात. त्याऐवजी ग्राइंडरच्या अर्धगोल खुणा दिसतात, किंवा जागा आरशासारखी गुळगुळीत असते. मग स्टीलची पट्टी त्या जागेवर उभी, कडेवर ठेवा आणि मागून टॉर्च धरा. पट्टीखालून मध्यभागी उजेड झिरपला, तर तिथला धातू काढलेला आहे. कारखान्यातली सपाट जागा मध्ये खोलगट नसते.

जागा कोरी आणि रेषा शाबूत असतील तर घाबरू नका. कारखान्यातून सुटा विकलेला स्पेअर ब्लॉक पुष्कळदा नंबराशिवायच येतो.

तिसरी तपासणी: चुंबक, डोळे आणि एक गॅस्केट

फ्रिजवरचं चुंबक हेडच्या कडेला लावा. पद्मिनीच्या मूळ फियाट इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. हेडला चुंबक चिकटणार नाही, ब्लॉकला चिकटेल. ॲम्बॅसडरच्या बी-सिरीजमध्ये दोन्ही बिडाचं. म्हणजे जुन्या ॲम्बॅसडरमध्ये हेडला चुंबक चिकटत नसेल, तर मुळात बी-सिरीजच आहे का, असा प्रश्न पडायला हवा.

बी-सिरीज ओळखायची दुसरी खूण: ड्रायव्हरच्या सीटवरून पुढे बघितलं तर कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड दोन्ही डाव्या बाजूला, डिलको उजव्या बाजूला. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, पुशरॉडने टॅपेट हलतात. टॅपेट कव्हर काढल्यावर वरच कॅमशाफ्ट दिसला, तर ते नंतरचं इसुझूचं इंजिन. ते कारखान्यातून आलेलं असू शकतं, कारण १९९० च्या दशकात १८१७ सीसीच्या इसुझू पेट्रोल इंजिनासह ॲम्बॅसडर निघाल्या. पण आरसीवर उत्पादनाचं साल १९७५ असेल, तर ते इंजिन नंतरच बसवलेलं आहे, याबद्दल वाद नको.

जीपमध्ये बघणं आणखी सोपं. चपटं हेड आणि त्यातून वर उभे प्लग, म्हणजे जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ज्यात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. हेड उंच, त्यावर टॅपेट कव्हर, म्हणजे नंतरचं एफ-हेड ‘हरिकेन’, ज्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो. हे इंजिन उंच असल्यामुळेच सीजे-३बी जीपचं बॉनेट वर उचलावं लागलं. कमी उंचीच्या बॉनेटखाली एफ-हेड सापडलं तर आसपास कापाकापी झालेली दिसेलच.

घराण्याबद्दल अजून शंका असेल, तर महागडं हेड गॅस्केट मागवण्याआधी ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्यांकडून ज्या इंजिनाचा संशय आहे त्याचं टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणा. काही रुपयांत येतं. कव्हर काढून गॅस्केट हेडवर ठेवून बघा. आकार आणि बोल्टच्या जागा तंतोतंत बसल्या, तर हेड त्या घराण्याचं आहे, एवढं नक्की. ब्लॉकचं काय, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. ब्लॉकसाठी वॉटर बॉडीचं (पाण्याच्या पंपाचं) किंवा चेंबरचं (खालच्या ऑइल पॅनचं) गॅस्केट जुळवा. वॉटर बॉडी थेट ब्लॉकवर बसते अशा इंजिनात हा उपाय चांगला चालतो.

चौथी तपासणी: ओतकामाची तारीख

हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रामाणिक पुरावा. नंबर घासता येतो, पट्टी बदलता येते, पण साच्यात आलेल्या तारखेशी सहसा कोणी खेळत नाही, कारण ती तिथे आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

ती दोन प्रकारे सापडते. एक, सरळ दिवस-महिना-वर्ष असे उठावाचे आकडे. दोन, घड्याळासारखी छोटी चकती: कडेने एक ते बारा महिने, मध्ये बाण, आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ब्लॉकची दोन्ही अंगं, सेल्फच्या वरची जागा, मागे गिअर बॉक्सला लागणारी कड, असं सगळीकडे आरसा फिरवा. हेडवर आणि मॅनिफोल्डवर वेगळी तारीख असू शकते. ती ब्लॉकची समजू नका.

तारखेचा अर्थ लावताना सावध राहा. ओतकाम आधी होतं, इंजिन नंतर बांधलं जातं, गाडी त्यानंतर नोंदली जाते. म्हणून ब्लॉकची तारीख पहिल्या नोंदणीच्या नंतरची असेल, तर इंजिन बदललेलं आहे, हे शंभर टक्के. तारीख नोंदणीच्या काही महिने आधीची असेल, तर ब्लॉक मूळचा असू शकतो. तीन-चार वर्षं आधीची असेल, तर जुन्या गाडीतून काढलेला ब्लॉक असण्याचा संभव जास्त.

पाचवी तपासणी: बसवल्याच्या खुणा

गाडीखाली जाण्याआधी गाडी जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवर ठेवा.

फाउंडेशन बघा. मूळ इंजिन मूळ रबरावर, मूळ भोकांत बसतं. लांबवलेली भोकं, जाड वॉशर, वेल्डिंग केलेले कान म्हणजे दुसऱ्या घराण्याचं इंजिन. सायलेन्सरचा पुढचा पाइप कापून सांधलेला असेल, ॲक्सिलरेटरची तार लांबवलेली असेल, रेडिएटरचे होज मोल्ड केलेल्या एल आकाराऐवजी जोड लावून केलेले असतील, तर त्याचाही अर्थ तोच. हे काहीच नसेल आणि तरी नंबर जुळत नसेल, तर बहुतेक करून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं इंजिन आहे.

पद्मिनीच्या बाबतीत मुंबईत एक शक्यता नेहमी डोक्यात ठेवा: टॅक्सीचं इंजिन. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून हटली, आणि त्याआधीच्या वीसेक वर्षांत भंगारात गेलेल्या टॅक्सींची इंजिनं खासगी गाड्यांत पोहोचली. यातली बरीच सीएनजीवर चाललेली. कार्ब्युरेटरच्या घशात भोक पाडून बुजवलेलं असेल, पाण्याच्या होजमध्ये बंद केलेला टी-जोड असेल (सीएनजीच्या रिड्युसरला गरम पाणी लागतं), हेड खोलल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खोल गेलेल्या दिसल्या, तर त्या दिशेने विचार करा. पण फायरवॉलवरची जादा भोकं गाडीबद्दल सांगतात, इंजिनाबद्दल नाही. ती गाडीच आधी सीएनजीवर असू शकते. आणि कार्ब्युरेटर, हेड दोन्ही बदलता येतात. या सगळ्या खुणा मिळून संशय बळकट होतो, सिद्ध होत नाही.

सहावी तपासणी: हेड खोलून मोजमाप

हे फक्त हेड दुसऱ्या कारणाने खोलायचंच असेल तेव्हा करा. निव्वळ ओळख पटवण्यासाठी चाळीस वर्षांचे स्टड हलवणं योग्य नाही. ते तुटतात, आणि ॲल्युमिनियमचं हेड उचकटताना वाकतं. प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक (पिस्टन वरून खाली किती जातो ते अंतर) मोजायचा उपायही सांगितला जातो. तो करू नका. या जुन्या इंजिनांत बहुधा प्लग तिरका असतो. पिस्टन खाली गेला की सळई सिलिंडरच्या भिंतीला टेकते आणि माप चुकतं, शिवाय भिंतीला ओरखडा जातो.

हेड उतरलं की व्हर्निअरने बोअरचा व्यास मोजा, पण अगदी वरच्या, रिंग पोहोचत नाही त्या काठावर. खाली रिंग फिरून झिजलेलं माप मिळतं. स्ट्रोकसाठी पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली असताना ब्लॉकच्या पृष्ठभागापासूनची खोली मोजा आणि वजाबाकी करा. क्रँक हाताने फिरवा, सेल्फने नाही. बाहेरच्या लायनरचं इंजिन (ज्यात सुट्या लायनरभोवती थेट पाणी असतं) असेल तर आधी लायनर वरून दाबून धरा, नाहीतर तो उचलतो आणि खालचं पाणी चेंबरमध्ये उतरतं.

मुख्य मापं, बोअर गुणिले स्ट्रोक, मिलिमीटरमध्ये:

- पद्मिनीचं फियाट १०८९ सीसी: ६८ × ७५
- इटलीतल्या फियाट ११००-डीचं १२२१ सीसी: ७२ × ७५
- प्रीमियर ११८ एनईचं निस्सान ए-१२, ११७१ सीसी: ७३ × ७०
- ॲम्बॅसडर बी-सिरीज १४८९ सीसी: ७३.०२५ × ८८.९
- इसुझू पेट्रोल १८१७ सीसी: ८४ × ८२
- इसुझू डिझेल १९९५ सीसी: ८४ × ९०
- स्टँडर्ड हेराल्ड ९४८ सीसी: ६३ × ७६
- जीप, साइड व्हॉल्व्ह आणि एफ-हेड दोन्ही: सुमारे ७९.४ × १११.१

यादी नीट बघितली तर दोन्ही मापं का घ्यायची, हे कळतं. निस्सान ए-१२ आणि बी-सिरीज यांचा बोअर व्हर्निअरवर एकसारखाच दिसतो. त्यांना स्ट्रोक वेगळं करतो. दोन्ही फियाटचा स्ट्रोक एकच, त्यांना बोअर वेगळं करतो. एकच माप घेऊन पिस्टन मागवले की परत करायची वेळ येते.

बोअर यादीतल्या मापापेक्षा थोडा मोठा निघाला तर दचकू नका. बोरिंग झालेलं आहे. आपल्याकडे बहुतेक लेथवाले थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, बोलतात: वीस थाऊ म्हणजे ०.५१ मिमी, चाळीस म्हणजे १.०२, साठ म्हणजे १.५२. ६८ चा बोअर साठ थाऊ वाढवला तरी ६९.५ च्या आसपासच राहतो. तो ७२ शी गल्लत करण्याइतका वाढत नाही. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन लाकडी पट्टीने हलकेच काढला तर पंच केलेला साइझ दिसतो. तो मोजमापाशी ताडून बघा.

चेंबर उघडलेलं असेल तर मेन बेअरिंगच्या कॅप मोजा. फियाटच्या १०८९ मध्ये तीन, बी-सिरीजच्या १४८९ पेट्रोलमध्ये तीन, निस्सान ए-१२ मध्ये पाच. बॉनेटखाली पद्मिनीचं म्हणून दाखवलेल्या इंजिनात पाच कॅप निघाल्या, तर वादाला जागा उरत नाही.

इथे थांबा

काही ठिकाणी पुढे स्वतः काहीही करायचं नाही.

नंबराची जागा घासलेली दिसली, एकावर एक दोन नंबर दिसले, किंवा कुठला आकडा दुसऱ्यावर ठोकलेला दिसला, तर हात काढा. ती जागा साफ करू नका, रंगवू नका. ‘आरसीवरचा नंबर मारून देतो’ म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात तुम्ही अडकता. घासलेला नंबर परत उठवण्याचं काम कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होतं आणि ते पोलिसांमार्फतच जातं.

नंबर स्पष्ट आहे पण तुमचा नाही, तर आधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेवर तो चोरीच्या गाड्यांत आहे का, ते बघा. असेल तर इंजिन न हलवता कागद घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि शक्यतो वकिलाला आधी दाखवा. नसेल तरी त्या निकालाचा प्रिंट काढून ठेवा.

स्टड तुटला, ब्लॉकमध्ये तडा दिसला, वेल्डिंग केलेला ब्लॉक निघाला, किंवा मूळ बोअरच्या जागी बिडाचा लायनर घातलेला सापडला, तर ओळख पटवणं तात्पुरतं बाजूला ठेवा आणि बोरिंगवाल्याकडे जा. लायनर घातलेल्या ब्लॉकचा बोअर मूळ मापाबद्दल काहीच सांगत नाही, आणि तिथे बोअर गेज व अनुभवी हात लागतो. डिझेल इंजिनाचा पंप वा इंजेक्टर लाइन ओळख पटवण्यासाठी कधीही सोडू नका.

सापडलेलं इंजिन कागदावर आणणं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, मंजुरीशिवाय इंजिन बदललं असेल तर बदल केल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं मालकाचं काम आहे. मागच्या मालकाने ते केलं नसेल तरी ते निस्तरावं तुम्हालाच लागतं. तिथे सर्वांत आधी मागितलं जातं ते इंजिन नंबर लिहिलेलं खरेदीचं बिल. म्हणून आज भंगारवाल्याकडून इंजिन घेत असाल तर बिलावर पूर्ण नंबर, ज्या गाडीतून काढलं तिचा नोंदणी क्रमांक आणि शक्य असेल तर त्या गाडीच्या रद्द नोंदणीची प्रत घ्या. बिल न देणाऱ्याकडून कितीही स्वस्तात मिळालं तरी इंजिन घेऊ नका.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेत नोंदवायची असेल, तर बदललेलं इंजिन जास्त महत्त्वाचं ठरतं. त्या नियमात गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. दुसऱ्या घराण्याचं इंजिन असेल तर अर्ज करण्याआधीच त्याच घराण्याचं, त्याच काळातलं इंजिन शोधायला लागा.

अर्जासोबत हे फोटो जोडा: साफ करण्याआधीची नंबराची जागा, खडू लावल्यावरचा नंबर स्टीलच्या पट्टीसकट, ओतकामाची तारीख, आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण इंजिन. तपासणीला जाताना हेच फोटो मोबाइलवर आणि कागदावर दोन्ही ठेवा. निरीक्षकाला वाकून, मळीतून, अंधारात नंबर शोधावा लागला की तो ‘नंबर दिसत नाही’ असा शेरा मारतो. आदल्या दिवशी ती जागा डिझेलने पुसून, खडू लावून, वर पातळ ग्रीस चोपडून ठेवा. तिथे गेल्यावर फडक्याने एकदा पुसलं की खडूचा पांढरा नंबर लगेच दिसतो.